शाकाहार हवा, पण डोळस

मांसाहार सोडला की आरोग्य आपोआप येते, असे समजू नका. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाराही शाकाहारीच! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण. वनस्पतींतील लोह शरीरात कमी शोषले जाते. लिंबातील क जीवनसत्त्व हे शोषण वाढवते. जेवणाबरोबरचा चहा ते घटवतो. म्हणून उसळीवर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या. ब-१२ जीवनसत्त्वासाठी रोज दूध-दही हवे. शाकाहार जरूर स्वीकारा, पण समजून. आणि आजच घरी पाहा: उसळीची वाटी आईच्या, बहिणीच्या वाट्याला पुरेशी येते ना?