बाबा कंपनीत काय करतात?

मागच्या आठवड्यात एका शाळेनं मला नववीच्या मुलांपुढे ‘करिअर’वर बोलायला बोलावलं. आता हे गमतीचंच. बँकेच्या परीक्षेत आपटलो आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायला बसलो, एवढंच माझं करिअर नियोजन. तेव्हा भाषण बाजूला ठेवलं आणि मुलांनाच विचारलं, घरातली मोठी माणसं काय काम करतात?

हात भराभर वर. ‘‘बाबा कंपनीत जातात.’’ कंपनीत काय करतात? ‘‘सुपरवायझर आहेत.’’ म्हणजे दिवसभर काय करतात? पोरगा मागच्या बाकाकडे बघायला लागला. ‘‘आई आयटीत आहे.’’ आयटीत काय? ‘‘तिच्या मीटिंगा असतात.’’

एकच मुलगी घडाघडा बोलली. घराखालीच वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान. पाइप कापताना कटरचं पातं साधारण एक सूत खातं, तेवढं धरूनच माप टाकायचं. आठ सुतांचा एक इंच. गेट आधी नुसतं टाके मारून उभं करायचं, गुण्या लावून बघायचं, मगच पूर्ण वेल्डिंग, नाहीतर ते वाकडं ओढतं. वर्गात कुणाला सूत माहीत नव्हतं. मग तूही हेच करणार का, असं विचारलं. ‘‘नाही सर. बाबांना बिलं जमत नाहीत. लोक पैसे बुडवतात. मी सीए होणार.’’

त्या वर्गात ‘सीए’ म्हणणारी आणखी चौघं होती. पण कारण हिच्याकडेच होतं.

आपण मुलांना कामांची नावं शिकवतो, काम दाखवत नाही. मध्यंतरी काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. हेतू चांगला होता. पण ज्यानं रोपवाटिका, पॅथॉलॉजी लॅब किंवा कोर्टाची खोली आतून पाहिलीच नाही, तो कल कशाच्या जोरावर सांगणार?

याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये कधीच शोधलं गेलंय. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले आणि हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबई सोडून या कोरडवाहू गावात आले आणि 1983मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून शाळांसाठी जो अभ्यासक्रम निघाला, त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: बांधकाम-वेल्डिंग, वीज, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. मला आवडतो तो त्यातला पुढचा भाग. मुलं गावातली खरी कामं घेतात. वर्गात चुकलं तर लाल रेघ येते; गावातल्या माणसाचं दार चुकलं तर तो माणूस दारात येतो. काम म्हणजे काय, हे त्याच दिवशी कळतं.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावं, अशी कल्पना. माझ्या माहितीतल्या एका शाळेत ते दिवस रांगोळी आणि वेशभूषा स्पर्धेत गेले. शिक्षकांना तरी काय बोलायचं? चाळीस पोरं घेऊन सुताराच्या दहा बाय बाराच्या दुकानात कसं शिरणार? चार-चार जणांना पाठवावं लागेल, पालकांनी आपापली दुकानं, दवाखाने, शेतं उघडावी लागतील.

तेव्हा पालकांनो, ही विनंती तुम्हालाच. सुट्टीत एक दिवस पोराला कामावर न्या. गेटवर सिक्युरिटी सोडत नसेल, तर रात्री जेवताना सांगा: आज काय अडलं, कुणाचा फोन आला, साहेब कशावरून बोलले. आणि एकदा पगाराची स्लिप दाखवा, पीएफच्या कपातीसकट.