विनिमय म्हणजे सावड

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकण्याच्या विद्यार्थी-विनिमयाची गोष्ट मी घरी सांगितली, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "मग तिकडचं पोरगं आपल्याकडं येणार का?" वडील फारसे शिकलेले नाहीत, पण सावड त्यांना ठाऊक आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या!

विनिमयाचे तत्त्व हेच. विद्यार्थी सहसा फी आपल्याच महाविद्यालयात भरतो. यजमान विद्यापीठ ती घेत नाही. युरोपात १९८७ साली 'इरास्मस' योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. त्यांना फीमाफीबरोबर अनुदानही होते. कारण फीमाफीने पोट भरत नाही.

आपले घोडे इथेच अडते. जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्याने किती पैशांची सोय दाखवावी, याचा आकडा २०२४ साली दरमहा ९९२ युरो ठरला. ज्याच्या घरचा बँकेशी संबंध पीककर्जापुरताच, त्याने काय सातबारा दाखवावा?

मग हवे कशाला ते परदेश, असे कोणी म्हणेल. खेड्यातून या महाविद्यालयात आलो, तेव्हा पहिले सत्रभर मी वर्गात तोंड उघडले नव्हते. परके गाव माणसाला किती शिकवते, हे मला इथेच कळले. म्हणून असे सत्र ही चैन नव्हे, शिक्षणच आहे. मात्र पाठवणाऱ्याने वाटखर्ची द्यावी आणि तिकडच्यांनाही आपल्या बाकांवर बोलवावे. एरवी तो विनिमय कसला? ती ऐपतवाल्यांची सहल!