विहिरीचे पाणी नेले, आकडे कुठे ठेवले?

भातकुली तालुक्यात बाटली घेऊन कुणी विहिरीवर आले, तर शेतकऱ्याला त्याचे नवल वाटू नये. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा हा संशोधनाचा जुना विषय. पाण्याची क्षारता, जमिनीचा सामू, मूत्रपिंडाचे विकार, शेततळी. विषयांना तोटा नाही. नमुने नेले जातात, प्रश्नावल्या भरल्या जातात, प्रबंध होतो, पदवी मिळते. दहा वर्षांनी त्याच विहिरीचा मूळ आकडा मागितला, तर कोण देईल?

प्रबंध सापडेल. पीएच.डी. जाहीर होण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत 'इन्फ्लिबनेट' या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या केंद्राकडे द्यावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम सांगतात. पण प्रबंधात बहुतेक वेळा येतात ती सरासरीची कोष्टके. विहीर कोणत्या गटातली, किती खोल, नमुना वैशाखातला की दिवाळीनंतरचा, हा तपशील राहतो संशोधकाच्या वहीत आणि लॅपटॉपमध्ये. वही रद्दीत जाते, लॅपटॉप बिघडतो, मार्गदर्शक निवृत्त होतात.

हे दुखणे केवळ वऱ्हाडाचे नाही. जीवशास्त्रातल्या ५१६ शोधनिबंधांची मूळ माहिती मागवून पाहणारा एक अभ्यास २०१४ साली 'करंट बायॉलॉजी'त छापून आला. निबंध एकेका वर्षाने जुना होत गेला, तसतसा त्याची माहिती शिल्लक असण्याचा संभव १७ टक्क्यांनी घटत गेला होता. आपल्याकडे मात्र या नुकसानीची किंमत अधिक आहे. क्षारता पावसागणिक बदलते. एका वर्षाच्या मोजणीने ती कळत नाही, सलग नोंद लागते. आणि २००५ च्या उन्हाळ्यातले पाणी आज कोणत्या विहिरीतून काढणार?

उपाय खर्चिक नाही. संशोधनाचा आराखडा मंजुरीला येतो, तेव्हाच सोबत दोन पानांचे माहिती-नियोजन मागावे. काय गोळा होणार, रकान्यांचा अर्थ काय, प्रती कुठे, रुग्णांची नावे कशी झाकणार, संशोधक गेल्यावर राखणदार कोण? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने जानेवारी २०११ पासून प्रत्येक प्रस्तावासोबत असे नियोजन सक्तीचे केले. सरकारी पैशातून जमलेली माहिती खुली करण्याचे धोरण केंद्रानेही २०१२ मध्ये आणले.

'माझ्या मेहनतीचे आयते दुसऱ्याला का?' ही तक्रार रास्त आहे. म्हणून निबंध छापून येईपर्यंत माहिती राखून ठेवायची मुभा द्या. पण ती जमा करण्यातून सूट नको. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून खारपाणपट्ट्याचे एक सामाईक माहिती-भांडार उभारावे, आणि येत्या नोंदणीपासूनच ही अट घालावी.

शेतकऱ्याने विहीर दाखवली, वेळ दिला, घरातले आजारपणही सांगितले. त्याची नोंद हरवणे हा निव्वळ गलथानपणा नव्हे. तो त्याचा विश्वासघात आहे.