फोटोला मस्त जागा सांग ना!

दर जूनमध्ये ऑफिसात एक मोसमी प्रश्न येतो. पहिली मोठी सर पडून गेली, काचेवर थेंब जमले, की कोणीतरी खुर्ची मागे ढकलतं आणि विचारतं, "अरे तू ट्रेकवाला ना? मुंबईजवळ फोटोला मस्त जागा सांग ना. गर्दी नको, फार चालायला नको, आणि रील एकदम भारी आली पाहिजे!"

आता आपण इंजिनिअर माणसं. रिक्वायरमेंट ऐकली की आधी त्यातली गोची दिसते. गर्दी नसलेली जागा मी तुला सांगितली, तू ती फोटोसकट हजार जणांना सांगितलीस, की ती गर्दी नसलेली राहते कशी? म्हणजे ही रिक्वायरमेंट एकदाच पुरी होते, आणि ती पुरी करणारा माणूस पुढच्या सगळ्यांची वाट लावून जातो.

तरीही प्रश्न मला कळतो. मुंबईतल्या जागा वापरून झाल्या आहेत. मरीन ड्राइव्ह, बँडस्टँड, सीएसएमटीची इमारत, सगळ्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत. मग कसारा लोकल पकडायची, नाहीतर कल्याणवरून मुरबाडची एसटी. आसनगाव, खर्डी, कसारा, माळशेज. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून गाडीवाल्यांनाही शहापूर आणखी जवळ आलंय. मुंबईचा फोटो स्टुडिओ सरकत सरकत तिथपर्यंत पोचला आहे.

मी पण त्याच स्टुडिओचं गिऱ्हाईक. त्यामुळे आधी माझं प्रकरण सांगतो.

२०२२ च्या पावसाळ्यात आम्ही चौघं बाइकवर भटकत शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर पोचलो. (नाव मुद्दाम देत नाही. का ते कळेलच.) पाड्याच्या मागे एक धबधबा. फार मोठा नाही, पण काळाकुट्ट कातळ, त्यावरून दुधासारखं पाणी, खाली भाताची हिरवीगार खाचरं. माणूस एकही नाही. मी फोटो काढला, लोकेशनसकट टाकला. माझ्यासारख्याला साडेतीनशे लाइक्स म्हणजे दिवाळीच! 'कुठे आहे हे?' असं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला उत्साहाने पिन पाठवली.

२०२३ च्या जुलैमध्ये एका रविवारी परत गेलो. पाड्याच्या तोंडाशी पंचवीस-तीस बाइक, सात-आठ गाड्या, एक भलामोठा स्पीकर. धबधब्याकडे जाणारी वाट म्हणजे खाचरांचे बांध. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. एका ठिकाणी बांध तुडवून तुडवून खचला होता आणि खाचरातलं पाणी वाहून चाललं होतं. बांधावर एक मावशी पायाला फडकं बांधून बसल्या होत्या.

"मावशी, पायाला काय झालं?"

"काच गेली. चिखलात दिसते का ती?"

बाटली फोडणारा शनिवारी आला आणि रविवारी विसरला. आवणी मात्र अनवाणीच करावी लागते. शेजारी त्यांचा मुलगा बांध लिंपत होता. तो म्हणाला, "तुम्ही पण फोटोलाच आलात ना दादा? या, या. तेवढं बांधावरून नका जाऊ."

शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. 'या, या' फार लागलं. आणि ही पिन वर्षभर वाटत फिरणारा मीच, हे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मी फोटो काढून टाकला. उपयोग शून्य, अर्थात. पिन एकदा बाहेर गेली की ती कोणाच्या बापाची राहत नाही.

पण खरा धडा त्यानंतरच्या मे महिन्यात मिळाला. २०२४ चा मे. काहीतरी भरपाई करावी म्हणून म्हणा, किंवा नुसती खाज म्हणून, मी त्याच पाड्यावर एकटाच गेलो. धबधब्याच्या जागी नुसती काळी भिंत. विहिरीपाशी हंडे ओळीने मांडलेले. थोड्या वेळाने टँकर आला, त्याने पाणी विहिरीत सोडलं आणि बायकांनी ते दोराने उपसायला सुरुवात केली. गढूळ का होईना, संपायच्या आत. मी कठड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, पावसाळ्यात एवढं पाणी असतं इथे, ते जातं कुठे?"

"कुठं म्हंजे? खाली. तुमच्याकडंच."

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की बाबा अगदी शब्दशः खरं बोलले होते.

गंमत बघा. शहापूर-मुरबाडकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लंडनच्या जवळपास चौपट. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि पडतो कशावर? सह्याद्रीच्या कातळावर. हा ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा थरावर थर बसून झालेला खडक, बेसॉल्ट. त्याच्या पोटात पाणी मुरायला भेगा आणि सांधे सोडले तर फारशी जागा नाही. वर मातीचा थर पातळ, आणि उतार असा की पाणी थांबायचं नाव घेत नाही. म्हणून ते कड्यावरून धो धो खाली येतं. आपण त्याला धबधबा म्हणतो आणि फोटो काढतो. म्हणजे ज्या कारणाने ती जागा जुलैमध्ये फोटोजेनिक असते, नेमक्या त्याच कारणाने तिथली विहीर मेमध्ये कोरडी पडते. धबधबा आणि टँकर ही एकाच खडकाची दोन रूपं आहेत. आपल्याकडे फोटो फक्त एकाचा आहे.

बरं, खाली गेलेलं पाणी जातं कुठे? मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण आहे सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर. त्यातलं एकटं भातसा ७.१७ लाख, म्हणजे जवळपास निम्मं. भातसा शहापूर तालुक्यात. १८९२ साली पूर्ण झालेलं तानसाही शहापूर तालुक्यातच. मी मुलुंडला राहतो. सकाळी नळ सोडला की बहुधा भातसाच येते. आणि कल्याण-डोंबिवलीकरांनी हसू नये. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा पाण्याखाली गेलेली गावं मुरबाड तालुक्यातलीच आहेत.

मग धरण शेजारी असून पाड्याला पाणी का नाही? मला वाटायचं, निव्वळ राजकारण. राजकारण आहेच, पण साधं इंजिनिअरिंगही आहे. धरण खाली दरीत, पाडे वर डोंगराच्या अंगावर. पाणी वर चढवायचं तर पंप, वीज, पाइप, आणि दर महिन्याचं बिल भरणारं कोणीतरी हवं. शहराकडे मात्र पाणी उताराच्या दिशेने जातं, आणि बिल भरायला आपण आहोत. शहापूरच्या गावपाड्यांसाठी मोठी योजना आखली गेली ती कुठल्या धरणावर? नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणावर! कारण भावली उंचावर आहे आणि तिथलं पाणी उताराने आणता येतं. भातसाच्या शेजारच्या गावांसाठी पाणी शोधायला घाट चढून दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं.

हाच खडक आपला जीवही घेतो. पाणी मुरत नाही म्हणजे वर कुठेतरी ढग फुटल्यासारखी सर आली की ओढा काही मिनिटांत फुगतो. आपल्या डोक्यावर तेव्हा कदाचित ऊनही असेल. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं अशीच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. त्याच जुलैमध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत पडून गेली. गेली काही वर्षं पावसाळा सुरू झाला की ठाणे जिल्हा प्रशासनही धबधबे आणि धरणांच्या परिसरात बंदीचे आदेश काढतं. आपण ते वाचतो, 'सरकारला दुसरं काही सुचत नाही' म्हणतो, आणि बंदी नसलेल्या 'हिडन' जागा शोधतो. म्हणजे जिथे पोलीस नाही, दोर नाही, मोबाइलला रेंज नाही आणि पोहता येणारं माणूस जवळ नाही, नेमक्या तिथे जातो. 'हिडन'चा खरा अर्थ तोच आहे.

तर मग काय, फोटो काढायचेच नाहीत? जायचंच नाही?

खरं सांगायचं तर काही महिने मी याच मताचा होतो. भेटेल त्याला लेक्चर द्यायचो. मग माळशेजला एका भजीच्या टपरीवर हे तत्त्वज्ञान झाडलं. टपरीवाल्या ताई कढईतून मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ, दुसरे पण नको. मग आम्ही वर्ष काढायचं कशावर?" त्यांचं वर्षाचं गणित त्या चार महिन्यांच्या शनिवार-रविवारवर बसलेलं. बंदी आली की आपला एक वीकेंड जातो, त्यांचा धंदा जातो. त्यामुळे 'येऊ नका' हे उत्तर शहरात बसून द्यायला सोपं आहे, पण बरोबर नाही.

माझं आताचं मत असं आहे. जागांचे दोन प्रकार आहेत. एक, ज्या गर्दी झेलू शकतात. जिथे रस्ता आहे, गाडी लावायला जागा आहे, चार टपऱ्या आहेत आणि गावाने येणाऱ्यांची सवय करून घेतली आहे. विहीगावचा धबधबाच घ्या. २००१ सालच्या 'अशोका' सिनेमाचं शूटिंग तिथे झालं म्हणून त्याला अशोका धबधबा हेच नाव पडलं, असं सांगतात. अशा जागांचं लोकेशन खुशाल टाका. दोन, ज्या कोणाच्या तरी अंगणातून, बांधावरून, पाणवठ्यावरून जातात. त्यांचा फोटो टाका, पिन टाकू नका. लाइक्स तेवढेच मिळतात, मी मोजून बघितलंय! कोणी विचारलं 'कुठे आहे?' तर सांगायचं, 'शहापूरकडे.' शहापूर तालुका मोठा आहे.

आणि फोटोजेनिक म्हणजे फक्त पाणी, हे डोक्यातून काढा. नाणेघाटाचं उदाहरण घ्या. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरेवरून वाट चढते. वर पोचलं की सगळे धावतात तो उलटा धबधबा बघायला. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून पाण्याला परत वर फेकतो, भारीच प्रकार आहे, वादच नाही. पण तिथेच, घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे, तिच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. राणी नागनिकेच्या काळात झालेल्या यज्ञांचा आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचा हिशोब. भारतात कोरलेले अंक ज्या सगळ्यात जुन्या लेखांत सापडतात त्यातला हा एक. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या आपल्यासारख्यांचं तर ते तीर्थक्षेत्र व्हायला पाहिजे! मी तिथे तासभर बसलो होतो. फोटो काढायला आत आले दोघं, तेही पाऊस आला म्हणून.

तर आमच्या त्या नव्या मुलीला शेवटी मी यादी दिली. पावसाळा ओसरल्यावर माहुली. १६३६ मध्ये शहाजीराजांची निजामशाही वाचवायची लढाई जिथे संपली तो गड. आसनगाव स्टेशनवरून पहाटे निघायचं, सुळक्यांमागून ऊन येतं तेव्हा वर असायचं. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा, मुरबाड तालुक्यात. बैलबाजार, घोंगड्या, आणि माणसांचे असे चेहरे की स्टुडिओ झक मारेल. फक्त विचारून काढायचे. उन्हाळा लागता लागता शहापूर-मुरबाडच्या रानात फुललेला पळस. जेवण गावातच करायचं, पाण्याची बाटली घरून भरून न्यायची आणि रिकामी परत आणायची.

यादीत शेवटची ओळ अशी होती: मे महिना, कुठलाही धबधबा, पाणी नसताना.

तिने वाचून विचारलं, "मेमध्ये काय असतं तिथे?"

म्हटलं, फोटो नसतो. पण एकदा जाऊन ये, मग सकाळी दात घासताना नळ चालू राहत नाही.

ती अजून गेलेली नाही. मी काही मागे लागलो नाही. ते बांधावरचं 'या, या' अजून डोक्यातून गेलेलं नाही, त्यामुळे दुसऱ्याला शिकवायचा आपला अधिकार किती, याचा अंदाज आलाय. या आवणीला पाड्यावर परत जायचंय. त्या मावशींना सांगायचंय की पिन माझी होती. दोन वर्षं 'पुढच्या वीकेंडला' चाललंय.

असो. पाऊस जोरात आहे. कुठे निघालाच असाल तर बांधावरून जाऊ नका.