पत्नीचा हक्क की आश्रिताचा?

नोकरी केली त्याला निवृत्तिवेतन, आणि त्याच्या मृत्यूनंतर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन, ही आपल्याकडील सरकारी नोकरांच्या परिचयाची रीत. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेने मात्र १९३९ सालीच निराळा पायंडा पाडला. १९३५ च्या मूळ कायद्यात केवळ कामगाराचा विचार होता. चार वर्षांनी झालेल्या दुरुस्तीने पतीच्या हयातीतच पत्नीला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम देऊ केली. पुढे हा हक्क पतींनाही मिळाला.

आज वयाच्या ६२ व्या वर्षापासून ती मागता येते. पण १९६० वा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण निम्म्यासाठी ६७ व्या वर्षापर्यंत थांबावे लागते. घटस्फोटितेलाही हा हक्क आहे. मात्र विवाह दहा वर्षे टिकलेला हवा. नऊ वर्षे संसार केलेल्या स्त्रीच्या पदरी काहीच पडत नाही.

खरी विसंगती याहून खोल आहे. स्वतःचे निवृत्तिवेतन पतीच्या निम्म्याहून कमी असेल, तरच तेवढा फरक पत्नीला भरून दिला जातो. पतीस दरमहा २००० डॉलर मिळत असतील, तर जन्मभर घर सांभाळणाऱ्या पत्नीस १००० डॉलर मिळतात. आणि जन्मभर नोकरी करून, पगारातून योजनेचा कर भरून १००० डॉलरना पात्र ठरलेल्या पत्नीसही तेवढेच! विवाह मोडला तरी तिची रक्कम तिचीच राहते, एवढेच काय ते समाधान.

ज्या राज्यांत शिक्षक या योजनेबाहेर आहेत, तेथील गाऱ्हाणे वेगळे होते. त्यांच्या राज्य निवृत्तिवेतनाच्या दोन-तृतीयांश रक्कम जोडीदार म्हणून मिळणाऱ्या हक्कातून वजा होई आणि अनेकांचा तो हक्क शून्यावर येई. ५ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही वजावट रद्द झाली. शिक्षिकेचे गाऱ्हाणे मिटले. परंतु तिला आता दोन्ही रकमा मिळतील, आणि खासगी कचेरीत कारकुनी केलेल्या स्त्रीस मात्र दोहोंपैकी मोठ्या रकमेइतकेच. एका अन्यायाच्या निवारणातून दुसरी विषमता उभी राहिली.

याचे मूळ एकच. हा हक्क पत्नीच्या श्रमांवर नव्हे, तर तिच्या परावलंबनावर बेतलेला आहे. पश्चिम जर्मनीने १९८६ पासून अपत्यसंगोपनाची वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरण्यास आरंभ केला. घरातील श्रम हे श्रम म्हणून मोजावयाचे असतील, तर मार्ग हाच आहे. केवळ विवाहाची वर्षे मोजून न्यायाचा हिशेब जुळत नाही.