दोष आईचा नसतो

करोल बागेत बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांमध्ये खाली सोन्याचांदीची दुकाने आणि वर राहती घरे अशी दाटीवाटी आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही इथेही आहेत. अशाच एका घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. बायका निघून गेल्यावर घरच्या वहिनींनी मला थांबवले आणि दार लोटून विचारले, ''ताई, तुम्ही मासिकात लिहिता, पुष्कळ वाचता. खरं सांगा, माझ्या पोराचं दुखणं माझ्यामुळंच आहे ना?''

त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. घर तिसऱ्या मजल्यावर. हा दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो आणि पायरीवर बसकण मारतो. वर्गात सर्वांत बुटका. शाळेत बाई त्याला सुस्त म्हणायच्या, वडील आळशी म्हणायचे. मारुतीसारखा बळकट होईल म्हणून आजीने त्याला शनिवारचा उपास धरायला लावला. गेल्या श्रावणात तापातही त्याने उपास केला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली आणि तो गुंगीत गेला. रात्री त्याला इस्पितळात न्यावे लागले.

पुढे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितले, हा मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे आणि तो आईकडून आला आहे. घरात एवढेच वाक्य लक्षात राहिले. वहिनींच्या सासूबाई म्हणजे त्यांच्या सख्ख्या आत्या. लग्न मामाच्या मुलीशी झालेले. त्यामुळे सुनेच्या माहेराला नावे ठेवायची सोय नव्हती, ते त्यांचेही माहेरच. मग सगळा राग वहिनींच्या आईवर निघाला. ''आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. हे तुझ्या आईकडचं,'' हे वाक्य वहिनी रोज ऐकत होत्या.

पेशीतल्या चुली

मायटोकॉन्ड्रियाला शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणतात. आपल्या बहुतेक पेशींमध्ये या सूक्ष्म कणिका शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. आपण खाल्लेले अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांच्यापासून त्या एटीपी नावाचे रसायन तयार करतात. शरीराची सगळी कामे या एटीपीवर चालतात. ते साठवून ठेवता येत नाही, वापरावे आणि पुन्हा बनवावे लागते. दिवसभरात शरीर सुमारे स्वत:च्या वजनाइतके एटीपी घडवते आणि मोडते.

घरात धान्य भरपूर आहे, पण चूल पेटत नाही, अशी या आजारात पेशीची गत होते. म्हणून ज्या अवयवांना जास्त ऊर्जा लागते, तिथे तो आधी दिसतो. मेंदू, स्नायू, हृदय, डोळे, कान आणि इन्शुलिन बनवणारे स्वादुपिंड ही ती ठिकाणे. एकाच घरात एकाला बहिरेपण, दुसऱ्याला मधुमेह, तिसऱ्याला फिट्स, चौथ्याला नुसता थकवा, असे झाल्यामुळे हे सगळे एकच दुखणे आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

उपास आणि ताप या मुलांना का सोसत नाहीत, तेही यातून कळते. तापात ऊर्जा जास्त लागते आणि उपासात अन्न मिळत नाही. चुली आधीच मंद असल्याने पेशी प्राणवायूशिवाय साखर जाळू लागते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठते. मग उलट्या, धाप आणि गुंगी येते. त्या शनिवारी त्या मुलाचे नेमके हेच झाले.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिरा उमगले. १९६२ साली स्वीडनमध्ये डॉ. रॉल्फ लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. ती पुष्कळ जेवायची, तरी हडकुळी होती आणि सतत घामाघूम असायची. सगळ्यांना थायरॉइडचा संशय होता, पण बिघाड तिच्या मायटोकॉन्ड्रियात निघाला. आज अशा आजारांचे कितीतरी प्रकार माहीत आहेत. सगळे मिळून सुमारे पाच हजारांत एका व्यक्तीला ते होतात, असा अंदाज आहे.

आईकडूनच का?

या कणिकांची एक खासियत आहे. त्यांच्याजवळ स्वत:चा छोटासा जनुकसंच असतो, फक्त ३७ जनुकांचा. त्याची १६,५६९ अक्षरे केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये वाचून काढली. गर्भ तयार होताना शुक्रजंतूतल्या कणिका नष्ट होतात आणि बाळाला मिळतात त्या स्त्रीबीजातल्या. म्हणून हा संच आईकडून मुलामुलींना जातो आणि पुढे फक्त मुलींकडून चालतो. मामाला आजार असला, तरी तो मामाच्या मुलांना हा वारसा देत नाही.

या मुलात सापडलेला दोष ३२४३ क्रमांकाच्या अक्षरातला आहे. जपानी संशोधकांनी तो १९९० मध्ये शोधला. पक्षाघातासारखे झटके येणाऱ्या रुग्णांत तो प्रथम दिसला. १९९२ मध्ये मधुमेह आणि बहिरेपण एकत्र चालणाऱ्या घराण्यातही तोच सापडला. वहिनींना मी त्यांच्या आईबद्दल विचारले. तिला पस्तिशीतच मधुमेह झाला होता आणि चाळिशीत ऐकू येणे कमी झाले होते. वहिनींच्या मामांच्या कानाला यंत्र आहे. वहिनींचे स्वत:चे डोके वारंवार दुखते आणि ते उन्हामुळे, असे त्या समजत होत्या.

मग वहिनी धडधाकट कशा? कारण एकाच पेशीत चांगल्या आणि सदोष कणिका मिसळलेल्या असतात. प्रत्येक स्त्रीबीजात त्यांचे प्रमाण वेगळे पडते. मूठभर डाळीत खडे किती येतील, हे मूठ भरणाऱ्याच्या हातात नसते. म्हणून आई ठीक आणि मूल आजारी, एक भाऊ आजारी आणि दुसरा निरोगी, असे घडते. आईने गरोदरपणी काय खाल्ले, कोणता नियम मोडला, याच्याशी याचा काही संबंध नाही.

नात्यातले लग्न

मायटोकॉन्ड्रियाचे सगळे आजार आईकडूनच येतात, असेही नाही. या कणिकांना लागणारी हजाराहून अधिक प्रथिने पेशीच्या केंद्रातल्या जनुकांवरून बनतात आणि ते जनुक आई व वडील दोघांकडून येतात. लहान मुलांमधले बरेचसे आजार याच प्रकारचे असतात. दोघांकडे तोच सदोष जनुक लपलेला असेल, तर प्रत्येक वेळी मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. आत्या-मामाच्या मुलांची लग्ने होतात तिथे हा धोका वाढतो. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात ही चाल अजून आहे. या घरात दुखण्याचे कारण ते नव्हते. तरीही नात्यात सोयरीक जुळवण्याआधी प्रत्येक घराने याचा विचार करावा.

काय करावे, काय टाळावे

यातले बहुतेक आजार पूर्ण बरे करणारे औषध आज नाही. काही विशिष्ट प्रकारांत ठराविक जीवनसत्त्वे किंवा को-एन्झाइम क्यू-१० यांचा उपयोग होतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. भिंतींवर जाहिराती रंगवलेल्या शक्तिवर्धक पुड्यांनी फक्त खिसा रिकामा होतो.

काळजीने मात्र पुष्कळ फरक पडतो. अशा मुलाला फार वेळ उपाशी ठेवू नये. ताप, उलट्या, जुलाब झाले की वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. कान, डोळे, हृदय आणि रक्तातली साखर ठराविक काळाने तपासावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने हलका, नियमित व्यायाम चांगला. घरी बसवून ठेवल्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

औषधांच्या बाबतीत फार सावध राहावे. काही मायटोकॉन्ड्रियल आजारांत फिट्सवरचे व्हॅलप्रोएट यकृताला घातक ठरते. मधुमेहातले मेटफॉर्मिनही यातल्या काही रुग्णांना चालत नाही. १९९३ मध्ये दिसून आले की १५५५ क्रमांकाच्या अक्षरात दोष असणाऱ्यांना स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन या जातीच्या इंजेक्शनांनी कायमचे बहिरेपण येऊ शकते. आईच्या बाजूला कुणाला अशा इंजेक्शनानंतर बहिरेपण आले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. चालू असलेले औषध मात्र स्वत:हून बंद करू नये.

वहिनींना आणखी मूल हवे असेल तर? आधी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांशी बोलावे. दिल्लीत एम्स, मौलाना आझाद मेडिकल कॉलेज आणि करोल बागेजवळच्या सर गंगाराम रुग्णालयात, तर मुंबईत केईएममध्ये असा सल्ला मिळतो. ब्रिटनने २०१५ मध्ये आईच्या बीजाला दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी कणिकांची जोड देण्यास कायद्याने परवानगी दिली. त्या पद्धतीने न्यूकॅसलमध्ये आठ बाळे जन्मल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले.

हे सगळे मी वहिनींना सांगत होते तेव्हा आत्या केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या, कळले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ''म्हणजे माझ्या भावजयीला पण हे भोगावंच लागलं. आणि आम्ही तिला जन्मभर रडवी म्हणत आलो.''

वाचकांना एकच विनंती. घरात कुणी सतत दमत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी थांबा. थकव्याची कारणे पुष्कळ असतात आणि बहुतेक वेळा पंडुरोग किंवा थायरॉइड यांसारखे साधेच काही निघते. पण त्याच्या जोडीला बुटकेपणा, बहिरेपण, फिट्स, पडलेल्या पापण्या किंवा कमी वयातला मधुमेह असेल, तर एक कागद घ्या. आजी, आई, मावश्या, मामा यांपैकी कुणाला काय झाले, कोणत्या वयात झाले, ते लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. आईच्या माहेरची माहिती टोमणे मारण्यासाठी वापरली तर घर मोडते, डॉक्टरांना दिली तर मूल वाचू शकते.