दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा वारसा

मेलबर्नच्या कार्लटन या जुन्या भागात, लेस्टर आणि पेल्हॅम या रस्त्यांच्या कोपऱ्यावर 1850 च्या दशकात बांधलेले आणि अलीकडे ‘कॉर्कमन’ या नावाने ओळखले जाणारे दुमजली हॉटेल ऑक्टोबर 2016 मध्ये एका शनिवार-रविवारी, कोणतीही परवानगी न घेता, जमीनदोस्त करण्यात आले. इमारतीला वारसा-संरक्षण होते; विद्यापीठाचे विधी महाविद्यालय हाकेच्या अंतरावर असल्याने तेथील विद्यार्थ्यांचा व शिक्षकांचा तेथे नित्य राबता होता. पुढे मालकांना दंड झाला आणि नियोजनविषयक न्यायाधिकरणापुढे इमारतीची बाह्यरचना पुन्हा उभारण्याची अटही त्यांच्यावर घालण्यात आली. अशा अटीने नेमके काय परत मिळते, हा प्रश्न मात्र दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यकाळात (1837 ते 1901) ऑस्ट्रेलियन वसाहतींतील मद्यविक्रीच्या परवान्याबरोबर प्रवाशांच्या मुक्कामासाठी खोल्या ठेवण्याचे बंधन येत असे, म्हणून तेथे मद्यालयालाच ‘हॉटेल’ म्हणण्याचा प्रघात पडला. 1851 मध्ये सोने सापडल्यावर मेलबर्नमध्ये माणसांचा लोंढा आला आणि चौकाचौकांत अशी हॉटेले उभी राहिली. कोपऱ्याची निवड धंद्याच्या हिशेबाने होई, पण तिच्यातून एक स्वतंत्र वास्तुप्रकार घडला. इमारतीचा कोपरा तिरका छाटून तेथेच मुख्य दार काढले जाई, त्यामुळे दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्याला ते समोर दिसे. मुक्कामी पाहुण्यांचा दरवाजा बाजूच्या रस्त्यावर असे. पिंपे उतरवण्यासाठी पदपथातच तळघराचे झाकण असे. आणि छताच्या कठड्यावर हॉटेलाचे नाव व बांधणीचे वर्ष गिलाव्यात कोरलेले असे. ज्या वस्तीत सभागृह नव्हते, तेथे संशयास्पद मृत्यूंची न्यायचौकशी अनेकदा याच खोल्यांत भरे आणि कामगार संघटनांच्या बैठकाही येथेच होत. कार्लटनमधील ट्रेड्स हॉल ही कामगारांची हक्काची वास्तू 1859 मध्ये उभी राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे त्याआधीच्या काळातील या खोल्यांचे मोल कळते.

या इतिहासाचा बराच भाग दर्शनी भिंतीच्या आत असतो. व्हिक्टोरिया राज्यात 1916 पासून 1966 पर्यंत मद्यालये संध्याकाळी सहाला बंद करण्याचा कायदा होता. काम सुटल्यावर उरलेल्या तासाभरात एवढी झुंबड उडे, की उभ्याने पिणाऱ्यांसाठी लांबच लांब काउंटर आणि पाण्याने धुऊन काढता येतील अशा फरशीच्या भिंती हेच अंतर्भागाचे रूप ठरले. या फरशा पाहणाऱ्याला अर्धशतकाचे समाजजीवन वाचता येते. नव्याने बांधलेल्या भिंतीवर ते कोठून येणार?

ऑस्ट्रेलियाच्याच बुर्रा येथे 1979 मध्ये स्वीकारलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या ‘बुर्रा सनदे’त याचे उत्तर आहे. स्थळाचे सांस्कृतिक महत्त्व, म्हणजे गेल्या, आजच्या व येणाऱ्या पिढ्यांसाठी असलेले त्याचे सौंदर्यविषयक, ऐतिहासिक, शास्त्रीय, सामाजिक वा आध्यात्मिक मूल्य, हे त्याच्या बांधणीइतकेच त्याच्या परिसरात, वापरात आणि त्याच्याशी जोडलेल्या नात्यांत सामावलेले असते, असे ही सनद मानते. या कसोटीवर पाहता पुनर्बांधणीची अट बेकायदा पाडकामाचा नफा रोखण्यासाठी आवश्यकच आहे; परंतु तिला वारशाची भरपाई म्हणणे चुकीचे ठरेल.

मुंबईत हा मुद्दा परका नाही. कोपऱ्यावरची इराणी हॉटेले, त्यांचे संगमरवरी टेबल, आरसे आणि दोन रस्त्यांकडे उघडणारी दारे यांचे महत्त्वही असेच वापरात आहे. 1995 च्या वारसा नियमावलीने शहराला श्रेणीबद्ध यादी दिली, हे मोठेच काम झाले; मात्र श्रेणी दोन व तीनमधील इमारतींच्या अंतर्गत बदलांना तिने सर्वसाधारणपणे मोकळीक ठेवली आहे, आणि त्यामुळे गल्ला व काउंटर उचलून नेले तरी कागदोपत्री इमारत शाबूत राहू शकते. म्हणून कोपऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या हॉटेलाची नोंद करताना दर्शनी छायाचित्राबरोबर तळमजल्याचा आराखडा, जागेवरच्या जुन्या वस्तूंची यादी आणि तेथे रोज येणाऱ्यांच्या मुलाखती घेणे महापालिकेने बंधनकारक करावे. आणि हे काम इमारत धोकादायक ठरण्याची वाट न पाहता, धंदा चालू असतानाच व्हावे.